मराठी मेल अडवणारा स्पॅम फिल्टर : एका पतसंस्थेच्या मेल सर्व्हरचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या मेल सर्व्हरचं हे प्रकरण आहे. संस्थेची ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. तांत्रिक भाग जसा घडला तसाच ठेवला आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच लहान संस्थांच्या सर्व्हरवर यातलं काही ना काही आजही चालू असणार.

पार्श्वभूमी

मुख्य कार्यालय तालुक्याच्या गावी, आसपास डझनभर शाखा आणि साठेक मेलबॉक्स. सर्व्हर भाड्याचा. त्यावर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली, मेल घेण्या-पाठवण्यासाठी पोस्टफिक्स, मेलबॉक्ससाठी डोव्हकॉट, आणि स्पॅम ओळखण्यासाठी अमाविस व त्याच्या पोटात स्पॅमअसॅसिन ३.४.६. ही सगळी उभारणी ज्या तंत्रज्ञाने केली तो केव्हाच दुसरीकडे गेला होता. रोजची देखभाल हिशेब विभागातला एक लिपिक करायचा. माणूस हुशार आणि चिकाटीचा, पण मेल सर्व्हर हे त्याचं मूळ काम नव्हे. पासवर्ड बदलून देणं, डिस्क भरली की जुने लॉग काढणं, एवढंच त्याच्याकडे होतं.

संस्थेची येणारी टपाल दोन प्रकारची. एक इंग्रजी : बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअर पुरवठादार, लेखापरीक्षक. दुसरी मराठी : सभासदांचे अर्ज, तक्रारी, शाखांची पत्रं, सहकार खात्याच्या नोटिसा. पूर्वी मराठी टपाल कागदावरच यायची. मोबाइलवर मराठी टायपिंग सोपं झालं तसे सभासद थेट मेल करू लागले, विशेषतः पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुलं आईवडिलांच्या खात्याबद्दल. फिल्टरची मांडणी मात्र त्या आधीची होती.

अडचण

तक्रारी दोन होत्या आणि एकमेकींच्या उलट्या. शाखाधिकारी म्हणत, स्पॅम फार येतं : ‘मेलबॉक्स भरला आहे, इथे क्लिक करा’, खोटी बिलं, आणि चेअरमन साहेबांच्या नावाने ‘तातडीने रक्कम वर्ग करा’ असे मेल. सभासद म्हणत, मेलला उत्तरच मिळत नाही. पहिल्या तक्रारीवर उपाय म्हणून फिल्टर आणखी कडक करायचं घाटत होतं. दुसरी तक्रार कर्मचाऱ्यांच्या दिरंगाईच्या खाती टाकली जात होती.

कोंडी फुटली ती वार्षिक सर्वसाधारण सभेत. सहकार कायद्याप्रमाणे ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेपूर्वी सभासदांकडून लेखी प्रश्न मागवले होते आणि नोटिशीत मेलचा पत्ता छापला होता. सभेत एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. त्यांनी तीन प्रश्न मेलने पाठवले होते, सोबत मोबाइलवर ‘सेंट’मधला तारीखवार पुरावा होता. व्यवस्थापकांनी सांगितलं की असा मेल आलेलाच नाही. दोघंही खरं बोलत होते. पण सभागृहाला ते कसं पटणार? संस्था अडचणीचे प्रश्न दाबते, असं बोललं गेलं. पतसंस्थेचा सगळा डोलारा विश्वासावर उभा असतो, त्यामुळे संचालक मंडळाने दुसऱ्याच दिवशी बाहेरची मदत घ्यायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं.

त्या मेलचा शोध

पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये मेल सापडला. सर्व्हरने तो स्वीकारला होता, ‘२५० ओके’ (म्हणजे ‘मेल मिळाला’) असं उत्तर दिलं होतं आणि अमाविसकडे सोपवला होता. पुढची ओळ अमाविसची : स्पॅम म्हणून टाकून दिला. पाठवणाऱ्याला काही कळवलं नाही, ज्याला पाठवला त्यालाही नाही. अमाविसमध्ये स्पॅमचं काय करायचं याची जी सेटिंग असते ती ‘डिस्कार्ड’वर होती. एक प्रत क्वारंटाइनच्या, म्हणजे अडवलेले मेल वेगळे ठेवायच्या, फोल्डरमध्ये ठेवली जात होती, तीही महिनाभरच. त्यानंतर सफाईची स्क्रिप्ट ती पुसून टाकायची. सुदैवाने शिक्षकांचा मेल त्या महिन्यातला होता.

प्रत उघडून गुणांची यादी वाचली. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला वेगवेगळ्या नियमांनुसार गुण देतं, बेरीज ठरावीक मर्यादेवर गेली की मेल स्पॅम. मर्यादा इथे ५.० होती. या मेलची बेरीज होती ५.७. पाठवणाऱ्याची डीकेआयएम सही (मेल खरंच त्या डोमेनकडून आल्याची डिजिटल खूण) बरोबर, एसपीएफ (त्या डोमेनतर्फे कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) बरोबर, मेलमध्ये एकही लिंक नाही. जवळपास सगळा भार दोनच नियमांचा होता. ‘नको असलेली भाषा’ या नियमाचे २.८, आणि बेझियन वर्गीकरणाचे ३.०, म्हणजे ‘हा मेल स्पॅम असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर’.

पहिल्या नियमाचा उलगडा सोपा होता. स्पॅमअसॅसिनमध्ये टेक्स्टकॅट नावाचं प्लगइन मजकुराची भाषा ओळखतं आणि मान्य भाषांच्या यादीत ती नसेल तर गुण लावतं. यादीत फक्त इंग्रजी होती. कुठल्या तरी परदेशी नमुन्यावरून ही ओळ उचललेली असावी. जिथे चिनी-रशियन स्पॅमचा त्रास असतो, तिथे ती योग्यच आहे. महाराष्ट्रातल्या संस्थेच्या सर्व्हरवर मात्र तिचा अर्थ एवढाच होता की सभासदाची मातृभाषा संशयास्पद.

दुसरा नियम जास्त गुंतागुंतीचा, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

बेझियन वर्गीकरण शिकवलं तसं शिकतं. चांगल्या मेलमध्ये कोणते शब्द येतात, स्पॅममध्ये कोणते, याचा हिशेब ठेवून नव्या मेलबद्दल अंदाज बांधतं. इथे शिकवण्याचं काम एक रात्रीची स्क्रिप्ट करत होती : क्वारंटाइनमध्ये जे काही पडलं असेल ते सगळं स्पॅम म्हणून शिकवायचं. कोणी माणूस मध्ये बघत नव्हता. ज्या मराठी मेलना इतर काही गुण लागायचे, ते भाषेच्या नियमाची भर पडून आधीच क्वारंटाइनमध्ये जात होते. रात्री तेच स्पॅमचे नमुने म्हणून शिकवले जायचे. दुसऱ्या दिवशी येणारा मराठी मेल त्यांच्यासारखाच दिसायचा, म्हणून त्यालाही जास्त गुण, म्हणून तोही क्वारंटाइनमध्ये. चांगल्या मेलचे नमुने मात्र स्वयंचलित शिक्षणातूनच यायचे, आणि त्यासाठी बेरीज ०.१ पेक्षा कमी लागते. मराठी मेल त्या चाळणीतून जवळपास जातच नव्हते.

त्यात भर म्हणजे स्पॅमअसॅसिनच्या ३.४ मालिकेत १५ बाइटांपेक्षा लांब शब्द अखंड ठेवला जात नाही. इंग्रजीला ही मर्यादा पुरेशी आहे, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीत यूटीएफ-८ या नेहमीच्या युनिकोड साठवणीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं असतात. म्हणजे पाच चिन्हांपर्यंतचा शब्द टिकतो, त्यापुढचा सुट्या चिन्हांत मोडतो. ‘सभासद’ बरोबर १५ बाइटांत बसतो. ‘कर्ज’ बसतो, ‘ठराव’ बसतो. ‘जामीनदार’, ‘थकबाकी’, ‘पतसंस्था’ मोडतात, ‘विनंती’सुद्धा मोडते. वर्गीकरणाच्या हाती उरतं ते ‘क’, ‘त’, ‘र’, काना, वेलांटी. ही चिन्हं प्रत्येक मराठी मेलमध्ये असतातच. त्यामुळे कर्जाच्या फसव्या जाहिराती आणि जामीनदार बदलण्याचा अर्ज यांत फरक करायला फार थोडं हाताशी राहायचं. देवनागरी दिसली की स्पॅम, एवढाच धडा घोटवला गेला होता.

मग इंग्रजी स्पॅम का सुटत होतं?

याची कारणं वेगळीच निघाली. संस्थेच्या डोमेनला दोन एमएक्स नोंदी (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणाऱ्या) होत्या : मुख्य सर्व्हर, आणि तो बंद पडला तर म्हणून होस्टिंगवाल्याचा पर्यायी सर्व्हर. पर्यायी सर्व्हरवर फिल्टर नव्हता, आणि त्याचा पत्ता मुख्य सर्व्हरच्या विश्वासू नेटवर्कच्या यादीत टाकलेला होता. स्पॅम पाठवणारे मुद्दाम शेवटच्या क्रमांकाच्या एमएक्सकडे जातात, कारण तिथलं दार ढिलं असतं हे त्यांना माहीत असतं. तिथून आलेला मेल मुख्य सर्व्हर घरचा म्हणून आत घ्यायचा.

दुसरं कारण डीएनएसचं, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेचं. सर्व्हरचे डीएनएस प्रश्न एका मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) जात होते. स्पॅमहाउससारख्या, स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या काळ्या याद्या चालवणारे लोक अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरकडून आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाहीत; १२७.२५५.२५५.२५४ असा ‘तुम्ही चुकीच्या वाटेने विचारताय’ या अर्थाचा संकेत परत करतात. म्हणजे यादी सेटिंगमध्ये होती, प्रश्न जात होते, उत्तरही येत होतं, पण उपयोग शून्य. हीच गोष्ट पोस्टफिक्समध्ये ढोबळपणे लावली असती, की ‘कुठलंही उत्तर आलं की नकार द्या’, तर सगळ्या जगाचा मेल बंद झाला असता. यादीत सॉर्ब्सचं नावही होतं. ती सेवा जून २०२४ मध्येच बंद झाली आहे. बंद पडलेल्या यादीला विचारत राहणं आज निरुपद्रवी असेल, पण तो डोमेन उद्या कोणाच्या हाती जाईल आणि काय उत्तर देईल याची हमी नसते.

समोरचे पर्याय

संचालक मंडळासमोर चार पर्याय ठेवले.

सगळं गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर हलवणं हा पहिला. स्पॅमचा प्रश्न बऱ्याच अंशी त्यांच्यावर सोपवता येतो, आणि दहा-पंधरा मेलबॉक्सच्या संस्थेला मी डोळे झाकून हेच सुचवेन. इथे साठ मेलबॉक्सचा दरवर्षीचा खर्च आणि सभासदांची कागदपत्रं बाहेर ठेवण्याबद्दल काही संचालकांचा आक्षेप, यामुळे तो मागे पडला. आक्षेपात तथ्य किती यावर बराच वाद झाला. मला तो खर्चाइतका वजनदार वाटला नाही.

दुसरा, समोर एक पैसे देऊन घेतलेला मेल गेटवे, म्हणजे येणारा मेल आधी गाळून पुढे देणारी सेवा, उभा करणं. यात दार मजबूत होतं, पण मराठी मेलचं तो काय करतो हे आपल्या हाती राहत नाही. प्रात्यक्षिक मागितलं तेव्हा विक्रेत्याकडे भारतीय भाषांबद्दल ठोस उत्तर नव्हतं.

तिसरा, आहे त्याच मांडणीची दुरुस्ती : भाषेची यादी सुधारणं, बेझियन साठा पुसणं, डेबियन १२ वर जाऊन स्पॅमअसॅसिन ४.० घेणं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या या आवृत्तीत इंग्रजीबाहेरच्या मजकुराची हाताळणी सुधारली आहे. हा पर्याय वाईट नव्हता. त्यावरच थांबलो असतो तरी अर्ध्याहून जास्त दुखणं गेलं असतं.

चौथा, अमाविस-स्पॅमअसॅसिन काढून आरस्पॅमडी हा दुसरा मोफत फिल्टर बसवणं. त्याचं बेझियन वर्गीकरण सुट्या शब्दांऐवजी शब्दांच्या जोड्यांवर चालतं, युनिकोड मजकूर नीट शब्दांत तोडतं, आणि मुख्य म्हणजे ते मिल्टर म्हणून (पोस्टफिक्सच्या दारातच बसणारा फिल्टर म्हणून) जोडलं की मेल स्वीकारण्याआधीच, दोन सर्व्हरांचं संभाषण चालू असताना, निकाल देतं. निवड याची झाली. नकाराचा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचवता येणं, हे कारण निर्णायक ठरलं.

त्याच दिवशी केलेली कामं

नव्या मांडणीला वेळ लागणार होता, तोवर सभासदांचे मेल हरवत राहू देणं शक्य नव्हतं. म्हणून आधी रक्तस्राव थांबवला. मान्य भाषांत मराठी आणि हिंदी घातल्या. हिंदी मुद्दाम, कारण लहान मजकुरावर टेक्स्टकॅट देवनागरी भाषांमध्ये गोंधळू शकतं. रात्रीची शिकवणारी स्क्रिप्ट बंद केली. बेझियन नियमांचे गुण तात्पुरते शून्य केले. ‘डिस्कार्ड’ काढून संशयित मेल खूण करून मेलबॉक्समध्येच जाऊ दिला. याने स्पॅम वाढणार हे उघड होतं. शाखांना तसं आधीच कळवलं.

क्वारंटाइनमधल्या महिनाभराच्या मेलचं काय करायचं, हा पहिला अवघड निर्णय. सगळे सोडून दिले तर हजारो स्पॅम मेलबॉक्समध्ये ओतले जातील. उघडून वाचावेत तर त्यात सभासदांची आधार, पॅन, कर्जाची माहिती. ठरलं ते असं : लिपिक आणि व्यवस्थापक यांनी एकत्र बसून फक्त पाठवणारा, विषय आणि तारीख एवढीच यादी बघायची, खरे वाटतील ते अमाविसच्या साधनाने मूळ मेलबॉक्सला सोडायचे. इथे लिपिकाने एक मुद्दा काढला जो माझ्या ध्यानात आला नव्हता.

“सर, हे मेल जुन्या तारखेचे आहेत. मेलबॉक्समध्ये तारखेप्रमाणे खाली जाऊन पडतील. कोण बघणार?”

त्यानेच तोडगा सांगितला. सोडलेल्या प्रत्येक मेलची नोंद आवक नोंदवहीत करायची, आवक क्रमांक टाकायचा आणि शाखेला तो क्रमांक कळवायचा. आवक क्रमांक पडला की कागद कोणाच्या तरी टेबलावर येतो आणि त्याचं उत्तर द्यावं लागतं. सभासदांना फोन करून ‘तुमचा मेल उशिरा मिळाला’ असं सांगितलं गेलं. महिन्यापूर्वीचे मेल मात्र कायमचे गेले होते. त्यांच्यासाठी पाठवणाऱ्यांची यादी पोस्टफिक्सच्या जुन्या लॉगमधून जमेल तेवढी काढली आणि शाखांनी ओळखीच्या सभासदांना पुन्हा पाठवायला सांगितलं.

नवी मांडणी

पर्यायी एमएक्स काढून टाकला. यावर होस्टिंगवाल्याने हरकत घेतली : सर्व्हर बंद पडला तर मेल हरवतील. तसं होत नाही. समोरचा सर्व्हर बंद दिसला की पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या, मानकात हे प्रयत्न चार-पाच दिवस तरी चालू ठेवावेत असं म्हटलं आहे. आपला सर्व्हर काही तास बंद राहिला तर पर्यायी सर्व्हरची गरज नसते, आणि असेल तर त्यावर मुख्य सर्व्हरइतकाच कडक फिल्टर हवा. दोन्ही ठिकाणी तीच मेहनत करण्याचं बळ या संस्थेत नव्हतं.

सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला. ते कोणा सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे न ढकलता स्वतः मुळापासून उत्तर शोधतं. स्पॅमहाउसचा मोफत वापर फक्त थोड्या आणि बिगर-व्यापारी वापरासाठी आहे. पतसंस्थेने त्या सवलतीवर विसंबणं बरोबर नव्हतं, म्हणून रीतसर नोंदणी करून संस्थेच्या नावाची चावी घेतली. दारात पोस्टफिक्सचं पोस्टस्क्रीन उभं केलं. ते जोडणी आल्यावर काही सेकंद थांबून बघतं की समोरचा आपली पाळी येण्याआधीच बोलायला लागतो का. शिस्तशीर मेल सर्व्हर थांबतो. घाईतले स्पॅम पाठवणारे प्रोग्राम थांबत नाहीत आणि तिथेच गळतात. ही तपासणी इतकी स्वस्त आहे की कचऱ्याचा मोठा भाग मजकूर वाचण्याआधीच बाहेर राहतो.

पोस्टस्क्रीनमध्ये याहून खोल तपासण्याही आहेत. त्या लावल्या की अनोळखी सर्व्हरला एकदा परत पाठवून पुन्हा यायला लावावं लागतं. त्या बंदच ठेवल्या. त्याचं कारण ग्रेलिस्टिंगच्या अनुभवाशी जोडलेलं आहे, पुढे येईलच.

आरस्पॅमडी सुरुवातीला नुसतं बघ्याच्या भूमिकेत चालवलं : गुण द्यायचे, हेडरमध्ये लिहायचे, कुणाला अडवायचं नाही. रोज सकाळी लिपिक त्याच्या वेब पानावर आदल्या दिवसाची यादी चाळायचा. या काळात एक गोष्ट हाती लागली जी कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडली नसती. आरस्पॅमडीत एक नियम आहे, जो एकाच शब्दात दोन लिप्यांची सरमिसळ दिसली की गुण लावतो. फसवणूक करणारे लॅटिन शब्दात एखादं रशियन अक्षर घुसवून बँकेचं खोटं नाव तयार करतात, त्यासाठी तो नियम अत्यंत उपयोगी आहे. पण आपली माणसं लिहितात कशी? ‘लोन’, ‘ईएमआय’, ‘पासबुक’ हे शब्द रोमन अक्षरांत आणि त्याला चिकटून देवनागरीत ‘चा’, ‘ची’, ‘वर’, ‘साठी’. मोबाइलवर टाइप करताना हे अगदी सहज होतं. एका सभासदाच्या छोट्याशा मेलमध्ये अशा सात-आठ जोड्या होत्या आणि त्याला या एकाच नियमाने संशयाच्या काठावर नेलं होतं. नियम बंद न करता त्याचं वजन बरंच खाली आणलं.

मर्यादा मूळच्याच ठेवल्या : ६ ला खूण करून स्पॅम फोल्डर, १५ ला नकार. नकार संभाषणातच दिला जातो, त्यामुळे पाठवणाऱ्याचा स्वतःचा सर्व्हर त्याला ‘मेल पोचला नाही’ असं कळवतो. आधी स्वीकारून नंतर परत पाठवण्याचा मार्ग मुद्दाम टाळला. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, आणि ते परतीचे मेल भलत्याच निरपराध माणसाकडे जाऊन आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जातो. नकाराच्या ओळीत मुख्य कार्यालयाचा फोन नंबर घातला. त्या ओळीत देवनागरी सगळीकडे नीट पोचण्याची खात्री नसते, म्हणून मजकूर सोप्या इंग्रजीत.

ग्रेलिस्टिंगचा निर्णय

आरस्पॅमडी ४ गुणांपासून ग्रेलिस्टिंग करतं : मेल तात्पुरता नाकारायचा, थोड्या वेळाने पुन्हा आला तर घ्यायचा. कल्पना चांगली, २००३ पासून वापरात आहे. पण लेखापरीक्षणाच्या ऐन धामधुमीत व्यवस्थापक एका सरकारी पोर्टलवर लॉगइन करत होते आणि मेलवरचा ओटीपी दहा मिनिटांच्या मुदतीनंतर पोचला. पुन्हा मागवला, पुन्हा उशिरा. तो ओटीपीचा मेल पाठवणाऱ्या यंत्रणेला डीकेआयएम सही नव्हती, मजकूर नुसता एचटीएमएल होता, आणि गुण ४ च्या जरा वर गेले होते. मोठ्या सेवांच्या बाबतीत आणखी एक अडचण : दुसरा प्रयत्न वेगळ्याच आयपी पत्त्यावरून होऊ शकतो, मग ग्रेलिस्टिंगला तो पुन्हा नवा वाटतो.

दोन मार्ग होते. ओळखीच्या यंत्रणांची सूट-यादी ठेवायची, किंवा ग्रेलिस्टिंग पूर्ण बंद करायचं. सूट-यादी कोणी तरी सांभाळावी लागते आणि ती कायम एका ओटीपीने मागे असते. बंद केलं. पोस्टस्क्रीन आणि काळ्या याद्या नीट चालू झाल्यानंतर फरक जाणवलाही नाही.

शिकवायचं कोणी?

जुना बेझियन साठा पूर्ण पुसला, त्यात वाचवण्यासारखं काही नव्हतं. आरस्पॅमडी किमान २०० चांगले आणि २०० स्पॅम नमुने मिळाल्याशिवाय बेझियन गुण लावतच नाही. स्पॅमचे नमुने मुबलक. चांगल्या मराठी मेलचे २०० नमुने शाखाधिकाऱ्यांनी स्वतः निवडून एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले; साठ्यात मजकूर राहत नाही, शब्दजोड्यांचे सांकेतिक आकडे राहतात, हे त्यांना समजावल्यावर त्यांची तयारी झाली.

पुढची सोय अशी होती की कर्मचाऱ्याने मेल स्पॅम फोल्डरमध्ये ओढला की डोव्हकॉटच्या सीव्ह स्क्रिप्टने (मेल हलवला की चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) तो आपोआप स्पॅम म्हणून शिकवला जावा, बाहेर ओढला की चांगला म्हणून. तंत्र सोपं आहे आणि सगळीकडे शिफारस केलं जातं. पण बघ्याच्या काळात दिसलं की काही जण स्पॅम फोल्डर कचरापेटीसारखा वापरतात. वारंवार तक्रार करणाऱ्या एका सभासदाचे मेल एका शाखेत सरसकट तिकडे जात होते. ते शिकवलं गेलं असतं तर जुनंच दुष्टचक्र वेगळ्या दाराने परत आलं असतं. म्हणून दोन दिशांना वेगळे नियम केले. स्पॅममधून बाहेर काढलेला मेल लगेच चांगला म्हणून शिकवायचा. आत टाकलेला मेल आधी एका तपासणी फोल्डरमध्ये, तिथून आठवड्यातून एकदा लिपिक बघून मान्य करणार. याने शिकणं मंदावतं. मला ही किंमत योग्य वाटते, कारण चुकून आत आलेलं स्पॅम माणूस दोन सेकंदांत पुसतो, आणि चुकून अडलेला अर्ज कोणाला दिसतच नाही.

परिणाम

मराठी मेल स्पॅममध्ये जाण्याच्या तक्रारी थांबल्या. अधूनमधून एखादा जातो, पण तो स्पॅम फोल्डरमध्ये दिसतो आणि परत काढता येतो. शाखांकडून स्पॅमबद्दलची कुरकुरही खूप कमी झाली, ज्यात पर्यायी एमएक्स काढल्याचा वाटा सर्वांत मोठा असावा. पुढच्या सभेच्या नोटिशीत मेलच्या पत्त्यासोबत ‘दोन दिवसांत पोच न मिळाल्यास फोन करावा’ अशी ओळ छापली गेली. ती सूचना त्या निवृत्त शिक्षकांचीच.

न सुटलेलंही आहे. ज्यांचं खरं मेल खातं चोरीला गेलं आहे अशा ओळखीच्या माणसांकडून येणारे फसवे मेल अजून आत येतात. सही बरोबर, पत्ता बरोबर, भाषाही बरोबर. त्यावर फिल्टरपेक्षा ‘रक्कम वर्ग करण्याची कोणतीही सूचना मेलवर ग्राह्य नाही’ हा मंडळाचा लेखी ठराव जास्त कामाला आला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, ‘उत्तर मिळत नाही’ ही तक्रार तांत्रिक असू शकते हे दोन वर्षांपूर्वी तपासता आलं असतं. बाहेरच्या खात्यावरून एक मराठी आणि एक इंग्रजी मेल पाठवून बघायला दहा मिनिटं पुरतात. ही चाचणी आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होते आणि नोंदवहीत सही होते.

सफाईच्या स्क्रिप्टला हात लावायला उशीर झाला. क्वारंटाइन पुसणं पहिल्याच तासात थांबवायला हवं असतं. इथे ते संध्याकाळी झालं. त्या रात्री काही गेलं नाही एवढंच.

संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचं डीमार्क धोरण, म्हणजे आपल्या पत्त्याने आलेला पण सही किंवा एसपीएफ न जुळणारा मेल समोरच्याने काय करावा याची जाहीर सूचना, या सगळ्याच्या बरोबरीने हाती घेता आलं असतं. चेअरमन साहेबांच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेलांपैकी काही थेट संस्थेच्याच डोमेनचा पत्ता लावून येत होते, आणि स्वतःचं धोरण ‘नकार’ असेल तर ते दारातच अडवता येतात. पण डीमार्कचे अहवाल मागवायला लागल्यावर कळलं की ठेवीची विवरणपत्रं पाठवणारा सॉफ्टवेअर पुरवठादार संस्थेच्या पत्त्याने, पण सहीशिवाय मेल पाठवतो. लगेच ‘नकार’ लावला असता तर सभासदांना विवरणपत्रं मिळणं बंद झालं असतं. पुरवठादाराने डीकेआयएम सही सुरू केली आहे. एसपीएफ नोंद मात्र अजून दहा डीएनएस शोधांच्या मर्यादेबाहेर जाते. ती आटोक्यात आल्यावर धोरण ‘बघा’वरून ‘वेगळं ठेवा’वर आणि नंतर ‘नकार’वर नेलं जाईल, तोवर दर आठवड्याचे अहवाल लिपिक वाचतो आहे, आणि त्याच्या सुट्टीत ते कोणी वाचायचे हे मंडळाने अजून ठरवलेलं नाही.